वालावलची पेज आणि जपानची पाचवी चव



कुडाळ तालुक्यातील वालावल हे माझे गाव. कर्ली नदीचा काठ, नारळी-पोफळीच्या बागा आणि लक्ष्मीनारायणाच्या देवळाला लागून असलेला तलाव ही त्याची ओळख. एकदा मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा घेऊन जेवायला बसलो होतो. सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने विचारले, "मामा, ह्येची चव कसली?"

"खारट," मी म्हटले.

"मीठ खारट. ह्यां नुसतां खारट नाय, येगळांच कायतरी आसा."

मी पडलो भौतिकशास्त्राचा प्राध्यापक! मी तिला सुनावले, "गोड, आंबट, खारट, कडू. पुस्तकात चवी चारच आहेत. गप जेव." आपल्याकडे षड्रस मानतात हे खरे, पण त्यांतील तिखट म्हणजे जिभेला जाणवणारी एक प्रकारची आग, आणि तुरटपणा हा बराचसा स्पर्शाचा प्रकार. म्हणून शरीरशास्त्र त्यांना चवींत धरत नाही.

माझे उत्तर चुकले होते आणि भाचीचे बरोबर होते. कसे ते पाहण्यासाठी आपण जपानची सफर करू. नकाशा पुढ्यात घ्या. चार शहरे पाहायची आहेत आणि प्रत्येक ठिकाणी एकाच पदार्थाचा माग काढायचा आहे. त्याचे नाव 'दाशी'. दाशी म्हणजे पातळ, जवळजवळ पारदर्शक असा अर्क. जपानी स्वयंपाकातील कित्येक कढणे, रस्से आणि शेवयांचे प्रकार यांचा तो पाया आहे.

१. सापोरो

सापोरो हे उत्तरेकडील होक्काइदो बेटाचे मुख्य शहर. या बेटाभोवतीच्या थंड समुद्रात 'कोम्बू' नावाचे तपकिरी शेवाळ वाढते. त्याचे पट्टे काही मीटर लांब असतात. उन्हाळ्यात कोळी कुटुंबे ते काढून किनाऱ्यावरील गोट्यांवर पसरून वाळवतात. आपल्याकडे वाळूत मासळी वाळत घालतात तसेच हे दृश्य. वाळलेल्या कोम्बूवर पांढरी भुकटी दिसते. ती मिठाची नसून मुख्यतः मॅनिटॉल या गोडसर पदार्थाची असते. म्हणून जपानी गृहिणी ती धुऊन टाकत नाही.

२. ओसाका

कोम्बू उगवतो उत्तरेला, पण त्याची आवड रुजली दक्षिणेकडील शहरांत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत शिडाची व्यापारी गलबते होक्काइदोहून निघत, जपानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली येत आणि वळसा घालून ओसाकाला पोहोचत. ओसाकाला 'देशाचे स्वयंपाकघर' म्हणत असत.

येथे भाताची वाटी हातात घ्या. जपानी माणूस दोन काड्यांनी भात खातो. आपल्या भाताची शिते तशी उचलता येतील का? फार कठीण! तांदळातील पिष्टाचे दोन प्रकार असतात. अमायलोजचे रेणू लांब व सरळ, तर अमायलोपेक्टिनचे फांद्या फुटलेले. आखूड जपानी तांदळात अमायलोज कमी असते, म्हणून शिजल्यावर शिते एकमेकांना चिकटून त्यांचा घास बनतो. आपल्या पुष्कळ जातींत अमायलोज अधिक असते. शिवाय उकडा तांदूळ साळीतच एकदा उकडून वाळवलेला असल्याने त्याची शिते सुटी राहतात. त्याला हात किंवा चमचाच बरा!

३. क्योटो

क्योटो ही सुमारे हजार वर्षे जपानची राजधानी होती. हे शहर समुद्रापासून आत असल्याने पूर्वी तेथे ताजी मासळी दुर्मिळ असे. बौद्ध मठांतील स्वयंपाक तर पूर्ण शाकाहारी. साहजिकच वाळवलेला कोम्बू आणि वाळवलेली शिइताके अळिंबी यांना महत्त्व आले. जेवणाआधी आपल्याकडे श्लोक म्हणतात, तसे येथे हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात. 'मी हे नम्रपणे स्वीकारतो' असा त्याचा भाव.

आता दाशी कशी करतात ते पाहू. कोम्बू पाण्यात घालून मंद तापवतात आणि उकळी फुटण्याआधी बाहेर काढतात. उकळला तर अर्क बुळबुळीत होतो. मग 'कात्सुओबुशी' घालून थोड्याच वेळात गाळतात. कात्सुओबुशी म्हणजे ट्यूना कुळातील मासा उकडून, पुन्हा पुन्हा धुरी देऊन वाळवलेला. उत्तम प्रकारावर बुरशीचे संस्कारही करतात. त्याला महिने लागतात, आणि शेवटी तो लाकडासारखा वाजतो! आपल्या लक्षद्वीप बेटांवरील 'मास' हा त्याचाच भाऊबंद.

हा लाकडी मासा सुताराच्या रंध्यासारख्या पात्यावर किसतात. का? गणित करून पाहा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौ. सेंमी. त्याचे ०.१ मिलिमीटर जाडीचे १०० पापुद्रे केले, तर एकूण पृष्ठफळ २०४ चौ. सेंमी. होते, म्हणजे ३४ पट. शिवाय रेणूंना विसरणाने बाहेर पडायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी शंभरपट कमी झाली की वेळ सुमारे दहा हजारपट कमी! म्हणूनच कात्सुओबुशीचा अर्क काही मिनिटांत उतरतो.

४. टोकियो

किकुनाए इकेदा यांचा जन्म १८६४ मध्ये क्योटोत झाला. जर्मनीत लाइपझिग येथे ओस्टवाल्ड यांच्याकडे अभ्यास करून आल्यावर ते टोकियोच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवत. दाशीची चव चार चवींपैकी कोणत्याही एकीत बसत नाही, हे त्यांना जाणवले. तुमच्या-आमच्यासारखे 'असेल काहीतरी' म्हणून त्यांनी ते सोडून दिले नाही. १९०८ मध्ये सुमारे १२ किलो कोम्बूपासून त्यांनी अंदाजे ३० ग्रॅम ग्लुटामिक आम्ल वेगळे केले. त्याच्या क्षारांच्या चवीला त्यांनी 'उमामी' असे नाव दिले.

गंमत अशी, की हे आम्ल जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिटहाउझेन यांनी गव्हातील ग्लुटेनपासून १८६६ मध्येच मिळवले होते. बेचाळीस वर्षे रेणू बाटलीत होता. चवीचा प्रश्न मात्र जेवणाच्या ताटात होता!

इकेदांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये कात्सुओबुशीतील इनोसिनेट हा दुसरा उमामी पदार्थ शोधला. हे दोन्ही एकत्र आले की चव नुसत्या बेरजेपेक्षा कित्येक पटींनी वाढते. कोम्बू आणि मासा यांची जोडी स्वयंपाक्यांनी जमवली होती ती यामुळेच. तरीही उमामीला स्वतंत्र चव मानायला जगातील अनेक शास्त्रज्ञ बराच काळ तयार नव्हते. २००० ते २००२ या काळात जिभेवर ग्लुटामेट ओळखणारे ग्राहक रेणू सापडले, तेव्हा पाचव्या चवीला भक्कम पुरावा मिळाला. ग्लुटामेट या ग्राहकाच्या जबड्यासारख्या भागात शिरले की तो मिटतो. इनोसिनेट त्याला मिटलेला धरून ठेवते.

पुन्हा वालावल

सुक्या बांगड्यातही इनोसिनेट असते. पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट असते, आणि आईच्या दुधातही. म्हणजे या चवीची आपली ओळख जन्मापासूनची. नाव तेवढे जपानी.

करून पाहा : (१) एक कच्चा, एक पिकलेला आणि एक उन्हात सुकवलेला टोमॅटो चाखा. आंबट आणि गोड वजा केल्यावर जिभेवर काय रेंगाळते ते वहीत लिहा. (२) वजनाने सारखे सोडे दोन भांड्यांत घ्या, एकात अख्खे, दुसऱ्यात कुटलेले. सारखेच गरम पाणी ओता आणि दहा मिनिटांनी दोन्ही पाण्यांच्या रंगांची तुलना करा. चाखायचे असल्यास मोठ्यांकडून आधी गाळून, उकळून घ्या.

पुढच्या सुट्टीत मी भाचीला ही सारी हकीकत सांगितली आणि चूक कबूल केली. तिने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाली, "मगे तेवा गप जेव म्हणान कित्याक सांगितलंस?"

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर आपणच द्यायचे आहे.