राजमाचीच्या पुढे काय?

प्रश्न : लोहगड-विसापूर, राजमाची अनेकदा झाले. मावळात सलग, कस लागणारी डोंगरवाट कोणती?

उत्तर : लोणावळा ते भीमाशंकर. राजमाची, वळवंड, कोंडेश्वर, कुसूरचे पठार, सावळे अशी ही वाट सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या आसपास जाते. मुक्काम करत, तीन दिवस हाताशी ठेवून निघा. चढापेक्षा इथे वाट चुकणे जास्त छळते. पठारावर गुरांच्या वाटा चहूकडे फुटतात. वळवंडचा किंवा कुसूरचा जाणता गावकरी सोबत घ्या, योग्य मोबदला देऊन. डिसेंबर-जानेवारी उत्तम. उन्हाळ्यात पाण्याचे हाल होतात. पावसाळ्यात धुके आणि ओढे, म्हणून नकोच.

कोंडेश्वराहून ढाकच्या कड्यातल्या बहिरीच्या गुहेचा मोह होईल. कळकरायच्या सुळक्याजवळची नाळ उतरून कातळकड्याला बिलगत आडवे जायचे, मग उभ्या खोबण्यांतून गुहेत. तिथला जुना दोर किंवा लाकडी मेढ यांवर भिस्त ठेवू नका. स्वतःचा दोर, हार्नेस आणि कातळावर सराव झालेला साथीदार हवाच. पाठीवर तीन दिवसांचे ओझे असताना तर मुळीच नको, ढाक स्वतंत्र दिवशी करा. गुहेतल्या टाक्यातली भांडी वापरलीत, तर घासून परत ठेवा. तो तिथला रिवाज आहे.