लोकसभेतील प्राध्यापक : मधु दंडवते

मुलांनो, पेण तालुक्यातील डोलवी गावाहून कोकणात रेल्वेने जायचे असेल, तर पेण स्थानक गाठावे लागते. पेणहून दक्षिणेकडे निघालेली गाडी कासू, नागोठणे, निडी ही स्थानके मागे टाकून रोह्याला येते. रोह्यापर्यंतचा मार्ग १९८६ साली सुरू झाला. पण तेव्हा रूळ रोह्यालाच संपत. पुढे माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडीला जायचे, तर एस. टी. वाचून इलाज नव्हता. घाटाघाटांतून रात्रभर प्रवास करावा लागे. आज त्याच रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. या रेल्वेसाठी जे लोक वर्षानुवर्षे झटले, त्यांत एक प्राध्यापक होते. त्यांचे नाव मधु दंडवते.

मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. पुढे मुंबईत त्यांनी पदार्थविज्ञान या विषयात एम. एस्सी. ही पदवी मिळवली. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनात त्यांनी भाग घेतला. शिक्षण पूर्ण झाल्यावर ते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवू लागले. हे महाविद्यालय डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली सुरू केले होते. नोकरी करून शिकणाऱ्या गरीब मुलांसाठी तेथे सकाळी वर्ग भरत. अशा विद्यार्थ्यांना दंडवते सरांनी सुमारे २५ वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. पुढे ते तेथे उपप्राचार्यही झाले.

पण त्यांचे लक्ष केवळ फळा आणि खडू यांवर नव्हते. ते समाजवादी विचारांचे होते. १९५५ साली ते गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही त्यांनी काम केले.

कोकणातील राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅ. नाथ पै यांचे जानेवारी १९७१ मध्ये निधन झाले. त्याच वर्षी झालेल्या निवडणुकीत राजापूरच्या मतदारांनी दंडवते यांना लोकसभेत पाठवले. त्यानंतर १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा आणखी चार निवडणुका त्यांनी तेथूनच जिंकल्या. लोकसभेत ते अभ्यास करून बोलत. वर्गात धडा समजावून सांगावा, तसा ते आपला मुद्दा मांडत.

हा मार्ग सोपा नव्हता. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. अनेक नेत्यांना अटक झाली. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि त्यांच्या पत्नी प्रमिलाताई पुण्याच्या येरवडा तुरुंगात होत्या. पती एका राज्यात, पत्नी दुसऱ्या राज्यात! भेट होत नसे. पत्रांतूनच ते एकमेकांना धीर देत.

१९७७ साली नवे सरकार आले आणि दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुलांनो, त्या काळी दुसऱ्या वर्गाच्या डब्यात झोपण्यासाठी लाकडी फळ्या असत. मजूर, शेतकरी, विद्यार्थी दोन-दोन रात्री त्या कठीण फळीवर काढत. पहिल्या वर्गात मात्र मऊ गाद्या होत्या. दंडवते म्हणत, की पहिल्या वर्गाला खाली आणायचे नाही, तर दुसऱ्या वर्गाला वर उचलायचे आहे. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीच्या गाद्या बसवण्याचे काम सुरू केले. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. या गाडीत पहिला वर्ग ठेवलाच नव्हता. १९७४ च्या संपामुळे ज्या रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्यांनाही दंडवते यांनी पुन्हा कामावर घेतले.

डिसेंबर १९८९ मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते. कोकण रेल्वेला पैसा कोठून आणायचा, हा मोठा प्रश्न होता. १९९० साली त्यासाठी वेगळे महामंडळ स्थापन झाले. केंद्र सरकार आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये त्यात भागीदार झाली. बाकीची मोठी रक्कम लोकांकडून रोख्यांच्या रूपाने कर्जाऊ घेण्याचे ठरले. १५ सप्टेंबर १९९० रोजी रोह्याला या मार्गाची पायाभरणी झाली.

आणि पुढच्याच वर्षी, १९९१ च्या निवडणुकीत, दंडवते राजापुरातून हरले! ज्या कोकणासाठी ते वीस वर्षे झटले, त्याच कोकणाने त्यांना घरी बसवले. पण मतदारांचा कौल हा लोकांचा हक्क असतो. दंडवते यांनी सार्वजनिक काम सोडले नाही. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली. तेव्हा ते खासदार नव्हते. पण गाडी आली होती.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला. मृत्यूनंतरही ते शिक्षकच राहिले.

शिक्षकाने देशाचा कारभार पाहिल्याची उदाहरणे आणखीही आहेत. जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे आधी शाळेत शिकवत. लोक त्यांना 'म्वालिमु' म्हणत. हा शब्द तुमच्या ओळखीच्या 'मुअल्लिम' या शब्दापासूनच आला आहे!

मुलांनो, पुन्हा कधी रेल्वेने गेलात, तर खालच्या गादीवर हात ठेवून पाहा. ती तेथे का आहे, हे आता तुम्हांला ठाऊक आहे.

शब्दार्थ
झटणे – खूप मेहनत करणे
मतदारसंघ – जेथील लोक एक प्रतिनिधी निवडतात तो भाग
पायाभरणी – बांधकामाची सुरुवात
कौल – निर्णय

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दंडवते कोणता विषय शिकवत?
(आ) कोकण रेल्वेची पायाभरणी कोठे झाली?
२. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांसाठी दंडवते यांनी काय केले?
३. इलाज, मजूर, कर्ज, हक्क हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
४. चर्चा करा : निवडणुकीत हरलेल्या माणसाचे काम वाया जाते का?