वार्धक्य आणि मनाचे दुखणे

“वय झाले, आता असेच चालायचे,” हे वाक्य आमच्या खेड्यांतून आम्ही इतक्या वेळा ऐकतो की, ते खरे की खोटे हे कोणी तपासून पाहत नाही. गुडघे दुखणे, दृष्टी मंद होणे ही वार्धक्याची लक्षणे खरी. परंतु मन सदोदित खिन्न असणे हे वार्धक्याचे लक्षण नव्हे. तो रोग आहे, आणि सत्तरी उलटलेल्यांसही उपचाराने त्यावर गुण येतो.

अडचण अशी की, “मला उदास वाटते” असे वृद्ध मनुष्य क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, अंग दुखते, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते. नवरा वारल्यावर एखादी आजी चुलीपाशी येईनाशी होते, नातवंडांचा गलबला तिला सोसत नाही, आणि घरची मंडळी समजतात की, म्हातारीचा स्वभावच पालटला. शोक कोणास होत नाही? परंतु आठवड्यांमागून आठवडे लोटूनही कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टरांस दाखवावे. विसराळूपणाही कधी कधी ह्या खिन्नतेतूनच येतो व ती ओसरल्यावर कमी होतो. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावल्याने किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडल्यानेही अशीच अवस्था होऊ शकते. ते रक्त तपासल्यावाचून कळत नाही.

लोक वेडा म्हणतील त्याचे काय? म्हणोत बापडे! मधुमेहाची गोळी घेताना ज्यास लाज वाटत नाही, त्याने हिचीच का बाळगावी? शिवाय आपल्या आजाराची माहिती गुप्त राहावी हा रोग्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानला आहे.

प्रथम जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे. जाणे न जमल्यास १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे; त्यावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. “आता जगून काय करायचे,” असे घरचे वडील माणूस म्हणू लागले, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा, त्यास एकटे ठेवू नये, आणि शेतीचे विषारी औषध कुलपात घालून किल्ली दुसऱ्याने जवळ ठेवावी.

औषधाचा गुण दिसण्यास काही आठवडे लागतात. पुष्कळ वृद्ध चार दिवसांतच गोळ्या टाकून देतात व औषधास दोष देतात. डॉक्टरांस विचारल्यावाचून ती बंद करू नयेत. जाताना रक्तदाब, मधुमेह इत्यादींची चालू औषधे पिशवीत घालून बरोबर न्यावीत, कारण काही औषधे एकमेकांस बाधतात.