चोरीपासून बचाव : खरी माहिती कोठे मिळते?

दुकानात चोरी झाली की गल्लीतला प्रत्येक माणूस सल्लागार होतो. कुलूपवाला म्हणतो कुलूप बदला, कॅमेरेवाला म्हणतो चार कॅमेरे बसवा, शेजारचे शेठ म्हणतात रखवालदार ठेवा. २०११ साली माझ्या गोदामातून सुटिंगचे चोवीस तागे गेले तेव्हा मलाही असे दहा सल्ले मिळाले. पण जो तो आपल्याच मालाबद्दल बोलत होता.

माझ्या गोदामाचे कुलूप तुटलेच नव्हते. कोणी तरी दुसरी चावी लावून माल काढला आणि कुलूप पुन्हा लावून ठेवले. विमा होता म्हणून मी बेफिकीर होतो. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने कुलूप हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "तोडफोडीची खूण कोठे आहे?" दावा नामंजूर झाला. मी पुष्कळ संतापलो. पुढे एका वकील मित्राने पॉलिसी समोर ठेवून वाचून दाखवली, तेव्हा ती अट त्यात स्पष्ट लिहिलेली निघाली. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झालेले, इंग्रजी बारीक अक्षरांचा कंटाळा. पण खाली सही माझीच होती.

म्हणून व्यापारी बांधवांना माझे सांगणे आहे की चोरीसंबंधी पहिली खरी माहिती आपल्याच कपाटात पडलेली असते. बर्गलरी पॉलिसीत साधारणपणे अशी अट असते की चोर बळजबरीने, तोडफोड करून आत शिरलेला किंवा बाहेर पडलेला असावा. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ च्या एका निकालात हेच धरले की पॉलिसीत तशी अट असेल तर जोरजबरदस्तीशिवाय झालेल्या चोरीची भरपाई मागता येत नाही. नोकराने किंवा घरच्या माणसाने केलेली चोरीही बहुधा वगळलेली असते. नोकरांसाठी फिडेलिटी गॅरंटी नावाचा वेगळा विमा घ्यावा लागतो.

याहून मोठा गैरसमज बँकेच्या पॉलिसीचा आहे. कॅश क्रेडिट घेताना बँक मालाचा विमा उतरवते आणि आपण समजतो की चोरीही त्यात आली. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि एका जागी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेच्या छोट्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या ठरीव पॉलिसी आल्या. त्या मुळात आग, पूर, दंगल अशा आपत्तींसाठी आहेत. चोरीची भरपाई त्यात फक्त अशा आपत्तीमुळे, तिच्यानंतर ७ दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरती मिळते. एरवी रात्री शटर उचकटून माल गेला तर ही पॉलिसी उपयोगाची नाही. आपली पॉलिसी कोणती, हे आजच पाहावे. रक्कमही पाहावी : २० लाखांच्या मालाचा विमा १० लाखांचा असेल आणि ४ लाखांचा माल गेला, तर सरासरीचे कलम लावून कंपनी २ लाखच देते.

आता वस्तूंबद्दल. तिजोरीचे भारतीय मानक आयएस ५५० आहे. दुकानदार 'आयएसआय आहे' म्हणेल, पण शिक्क्याबरोबरचा परवाना क्रमांक मोबाईलवरील 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घातला की खरेखोटे समजते. सीसीटीव्ही कॅमेऱ्यालाही नोंदणी क्रमांक असतो, तोही तेथेच पाहता येतो. यासाठी कोणाला विचारत बसण्याचे काम नाही. मुलांना सांगितले तर दोन मिनिटांत करून देतात.

रखवालदार एजन्सीकडून घेणार असाल तर २००५ च्या कायद्याखालचा परवाना मागावा. २००६ च्या केंद्राच्या नमुना नियमांत रखवालदाराला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष असे प्रशिक्षण सांगितले होते. आपल्या दारावर बसलेल्या माणसाला त्यातले किती मिळाले, हे एकदा विचारून पाहा!

पोलिसांकडून माहिती घ्यायला आपला माणूस कचरतो. खरे तर आपल्या भागात चोर सध्या काय करतात हे बीटच्या हवालदाराइतके कोणालाच माहीत नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल चांगला आहे, फुकट मिळतो, पण तो राज्याचे व मोठ्या शहरांचे आकडे देतो. तुमच्या गल्लीत शटर मधूनच वाकवून उचलतात हे त्यात सापडणार नाही. आमच्या बीटच्या हवालदाराने मला ते सांगितले, तेव्हा मी शटरला मधोमध तिसरे कुलूप बसवले. जुम्याच्या दुपारी बाजार एकदम बंद होतो, त्या वेळेबद्दलही त्यांना सांगून ठेवावे.

चोरी झालीच तर तुटलेले कुलूप, वाकलेली पट्टी यांना हात लावू नये. फोटो काढावेत आणि या खुणा पंचनाम्यात नीट लिहून घ्याव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी पाठवता येते. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे.

आणि कुलूप त्याच संध्याकाळी बदलावे. इंग्लंडमध्ये रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८० च्या दशकात पाहणी झाली, तेव्हा एकदा फोडलेले घर पुन्हा फोडले जाण्याचा धोका जास्त दिसला. त्यांनी आधी तीच घरे पक्की केली, शेजाऱ्यांना त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितले, आणि वसाहतीतील घरफोड्या खूप कमी झाल्या. मी मात्र तेव्हा विम्याच्या वादात महिनाभर तेच कुलूप वापरत राहिलो. दुसरी चावी कोणाकडे होती, हे आजतागायत कळलेले नाही.