संकष्टीचा उपवास, मधुमेही रुग्ण व रक्तशर्करेची घट

आंबिवलीच्या पुढचे स्थानक टिटवाळा. संकष्टीस, विशेषतः अंगारकीस, कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलगाड्या महागणपतीच्या भक्तांनी भरून जातात व त्यांत मधुमेहीही पुष्कळ असतात. सकाळी सवयीने गोळी घ्यावयाची, दिवसभर चहा-फळांवर राहावयाचे, दर्शनाच्या रांगेत तिष्ठावयाचे आणि चंद्रोदयानंतर, म्हणजे बहुधा रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान, जेवावयाचे, असा हा दिनक्रम. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड इत्यादी सल्फोनिलयुरिया गटातील औषधे मात्र पोटात अन्न गेले आहे की नाही हे न पाहता स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवविण्याचे कार्य करीतच राहतात. सायंकाळी अशा रुग्णास स्वेद, कंप, हृद्द्रव, भ्रम उत्पन्न झाल्यास केवळ वातप्रकोप समजून औषधयोजना करणे धोक्याचे आहे. त्या क्षणी नाडीपरीक्षेपूर्वी ग्लुकोमीटर हाती घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रक्तशर्करा ७० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली गेल्यास ती सावधगिरीची पातळी व ५४ च्या खाली गेल्यास गंभीर पातळी मानली जाते. रुग्ण दुसऱ्याच्या साहाय्यावाचून सावरू शकत नसेल, तर आकडा कोणताही असो, अवस्था तीव्रच समजावी. निदानासाठी व्हिपल यांचे तीन निकष प्रसिद्ध आहेत : लक्षणे असणे, त्याच वेळी मोजलेली शर्करा कमी असणे, आणि शर्करा देताच लक्षणे शमणे. यांतील तिसरा निकष म्हणजे आपला उपशयच होय. चरकाचार्यांनी विधिशोणितीय अध्यायात मद व मूर्च्छा वेग ओसरल्यावर स्वतः शमतात, संन्यास मात्र औषधावाचून शमत नाही, असा जो भेद केला आहे, तो येथे ध्यानी ठेवण्यासारखा आहे. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांत कंप व धडधड झाकली जाते. घाम तेवढा येतो. जुनाट मधुमेहींत कित्येकदा कोणतीच पूर्वसूचना मिळत नाही.

आता परीक्षणाविषयी. ग्लुकोमीटरच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० च्या खालील पातळीस १५ मि.ग्रॅ.पर्यंतचा फरक ग्राह्य धरलेला आहे. म्हणजे यंत्रावर ७८ दिसले तरी प्रत्यक्षात ६५ असू शकतात. लक्षणे असतील तर आकड्याशी वाद घालू नये, उपचार करावा. पांडुरोगी स्त्रियांत यंत्र प्रत्यक्षाहून अधिक आकडा दाखवू शकते. केळे वा पेढ्याचा प्रसाद हाताळलेले बोट न धुता टोचल्यास तोच घोटाळा होतो. पट्ट्यांची डबी आपल्याकडील पावसाळ्यात उघडी राहिली की पट्ट्या बिघडतात. प्रयोगशाळेकडे नमुना पाठविताना फ्लोराइडयुक्त, करड्या झाकणाची नळी वापरावी. साध्या नळीत रक्तपेशी शर्करा खात राहतात व ती ताशी सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी असल्याने तिच्यातून अशी घट उमगत नाही.

शुद्धीवरील रुग्णास १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, ७० च्या खाली असल्यास पुन्हा द्यावी. पेढा वा लाडू येथे उपयोगी नाही, कारण स्निग्धांशामुळे शोषण मंदावते. अकार्बोज वा वोग्लिबोज चालू असल्यास साखरेचे पचन रोखले जाते, म्हणून ग्लुकोजच हवे. बेशुद्धाच्या मुखात काहीही घालू नये. शिरेवाटे डेक्स्ट्रोज व त्वरित रुग्णालय. ग्लिबेनक्लामाइड घेणाऱ्या वृद्धात, त्यातही वृक्कविकार असल्यास, सावरलेली शर्करा काही तासांनी पुन्हा कोसळते. अशास घरी न पाठविता किमान एक दिवस निरीक्षणाखाली ठेवणे इष्ट.

उपवास सोडा असे सांगून रुग्ण ऐकत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. निदान आदल्या दिवशी, ज्याने गोळी लिहून दिली त्या चिकित्सकाकडून मात्रा बदलून घ्यावयास सांगावे. दुपारी, चार-पाचच्या सुमारास व चंद्रोदयापूर्वी मोजावयास लावावे. रमजानच्या रोज्यांसाठी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने ७० पेक्षा कमी वा ३०० पेक्षा अधिक शर्करा आढळल्यास रोजा सोडावा असे सुचविले आहे. तोच दंडक संकष्टीस लावण्यास प्रत्यवाय नाही. कृश प्रमेहीस तर संहितेनेच बृंहण सांगितले आहे, लंघन नव्हे.

आपल्या औषधांकडेही डोळसपणे पाहावे. आधुनिक गोळीवर मधुनाशिनी, विजयसार इत्यादींची जोड देताना शर्करा अधिक उतरण्याचा संभव असतो, म्हणून पहिले काही आठवडे मोजमाप वाढवावे. निनावी ‘शुगरच्या पुडी’ने चार दिवसांत चमत्कार घडत असेल, तर भेसळीचा संशय घ्यावा. सिंगापुरात २००८ साली कामोत्तेजक म्हणून विकल्या गेलेल्या अवैध औषधांत ग्लिबेनक्लामाइड निघाले. मधुमेह नसलेले सुमारे दीडशे जण तीव्र शर्कराघटीने रुग्णालयात गेले व चौघे दगावले. लेबलाविना चूर्ण दुकानात ठेवूच नये.

औषधविक्रेत्यांनी इन्सुलिनच्या सिरिंजचीही खात्री करून घ्यावी. लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या कुपीसाठी, नारिंगी टोपीची १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. १०० युनिटचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या अंगात ५० युनिट जातात.