टायर फुटतो तो कमी हवेने

धावत्या कारचा टायर फुटला की दोष उन्हाला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा कमी हवा हेच असते.

टायरचा जमिनीला टेकलेला भाग वजनाने दबतो आणि वर गेला की सरळ होतो. लहान कारचे चाक ताशी १२० किलोमीटरला सेकंदाला सुमारे १७ फेरे घेते. तितक्याच वेळा टायरची बाजू दुमडते आणि त्या दुमडण्यातून उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर दुमड खोल पडते आणि टायर जास्त तापतो. शहरात सिग्नल आणि गतिरोधक टायरला निवायला सवड देतात (त्यांचा तेवढा तरी उपयोग). नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ती सवड मिळत नाही. त्यात मे महिन्याचे ऊन, गाडीत पाच माणसे आणि डिकीत बॅगा. तापलेल्या टायरमध्ये रबर आणि आतल्या तारांचे थर एकमेकांना सोडू लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही आणि टायर अचानक फाटतो.

म्हणूनच ‘उन्हाळ्यात हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवा’ हा सर्रास मिळणारा सल्ला घातक आहे. चालून तापलेल्या टायरमधला दाब चार-पाच पॉइंट वाढतो. टायर बनवताना ते गृहीत धरलेले असते. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासावी आणि ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवरील आकड्याइतकी भरावी. पूर्ण भाराचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. टायरवर छापलेला दाब ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते.

टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते, हे कमी चालणाऱ्या गाड्यांचे मालक हमखास विसरतात. खड्ड्यात आदळून बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. तो टायर टाकूनच द्यावा.

दर दोन तासांनी थांबावे आणि चारही टायरांजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एखादा इतरांपेक्षा जास्त तापलेला वाटला तर त्यात हवा कमी आहे किंवा तिथला ब्रेक धरून राहतो आहे.

टायर फुटलाच तर कचकन ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवावी, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा आणि वेग उतरल्यावर कडेला घ्यावे. स्टेपनी लावल्यावर तिच्यावरचे लिखाण वाचावे: अनेक गाड्यांतली स्टेपनी अरुंद असते आणि तिची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर असते.