तातडीचा डॉक्टर

मनुष्य आजारी पडला म्हणजे साधारणतः तो आपला डॉक्टर आपणच निवडतो. शेजारी एखादे नाव सुचवतात, घरातील वडीलमाणसे आपला अनुभव सांगतात; मग सारासार विचार करून तो दवाखान्याची पायरी चढतो. पण रस्त्यात मोटारीचा धक्का लागून बेशुद्ध पडलेल्या माणसाला असा विचार करण्यास सवड कोठून असणार? ज्याच्या छातीत एकाएकी कळ आली, ज्याला रात्री झोपेत साप चावला, त्याला कोणीतरी उचलून जवळच्या रुग्णालयात आणते. आणि त्या घटकेस तेथे जो डॉक्टर उभा असेल, त्याच्या हाती त्याचे प्राण सोपवले जातात. हा डॉक्टर त्याच्या ओळखीचा नसतो. त्याचे शिक्षण किती, अनुभव किती, हे विचारण्याचे त्राणही रुग्णाच्या अंगी नसते. मग या अनोळखी हातांवर त्याने कशाच्या बळावर विश्वास ठेवावा?

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी प्रथम या डॉक्टरचे काम कसे चालते, ते पाहिले पाहिजे. सामान्यतः डॉक्टर रुग्णाची हकिकत ऐकतो, त्याला तपासतो, रोग ओळखतो आणि मग औषध देतो. तातडीच्या डॉक्टरला हा क्रम पाळून चालत नाही. रोगाचे नाव त्याला मागाहून कळले तरी चालते. या माणसाच्या जिवाला या क्षणी सर्वांत मोठा धोका कशाचा आहे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. म्हणून तो आधी पाहतो, की श्वासाची वाट मोकळी आहे ना. नंतर पाहतो, की श्वास नीट चालला आहे ना. आणि त्यानंतर पाहतो, की रक्ताचा प्रवाह ठीक आहे ना. हा क्रम उगीच ठरलेला नाही. प्राणवायू मिळाला नाही तर अवघ्या काही मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. मोडलेले हाड तासाभराने बसवता येते; गेलेला श्वास तासाभराने परत आणता येत नाही.

समजा, पहाटेच्या सुमारास एका जिल्ह्याच्या रुग्णालयात तीन रुग्ण एकदमच आले. पहिला एक धडधाकट गृहस्थ. पडून त्याचा हात मोडला आहे आणि तो मोठमोठ्याने ओरडत आहे. गावात त्याचे वजन असल्यामुळे 'आधी यांना पाहा' असा बरोबरच्या मंडळींचा आग्रह चालला आहे. दुसरे एक वृद्ध शेतकरी. ते मुकाट्याने बाकावर बसले आहेत. छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते, एवढेच ते सांगतात. पण त्यांचे अंग घामाने थबथबले आहे. तिसरा दहा-अकरा वर्षांचा मुलगा. 'रात्रीपासून याचे पोट दुखते आहे, आणि आता याला फार झोप येते आहे,' असे त्याची आई सांगते.

ज्याला अनुभव नाही, तो ओरडणाऱ्या माणसाकडे प्रथम धाव घेईल. तातडीचा डॉक्टर मात्र प्रथम मुलाजवळ जातो. जो ओरडू शकतो त्याची श्वासाची वाट मोकळी असते, हे त्याला ठाऊक असते. मुलाच्या पापण्या जड होऊन खाली आलेल्या त्याला दिसतात. मुलगा रात्री कोठे निजला होता, असे तो विचारतो. 'जमिनीवर,' असे उत्तर मिळताच त्याच्या मनात मण्यार सापाचा संशय येतो. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही आणि त्याची खूणही दिसत नाही. मात्र तिच्या विषाने हळूहळू श्वासाचे स्नायू दुबळे होतात. मुलाला आलेली गुंगी ही झोप नव्हे, हे डॉक्टर जाणतो. तो ताबडतोब प्रतिविष सुरू करतो आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सिद्धता ठेवतो. आपल्या देशात मिळणारे हे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. हे करीत असतानाच वृद्ध शेतकऱ्यांचा कार्डिओग्राम काढण्यास तो परिचारिकेला सांगतो. कारण छातीत दुखत असलेल्या रुग्णाचा कार्डिओग्राम तो आल्यापासून दहा मिनिटांच्या आत काढावा, असा नियम आहे. हात मोडलेल्या गृहस्थालाही तो विसरत नाही. त्याच्या हाताला आधार बांधला जातो, वेदना कमी करणारे औषध दिले जाते, आणि 'तुम्हांला थोडे थांबावे लागेल' असे त्याला नम्रपणे सांगण्यात येते. पुढे कोणाची प्रकृती पालटली, तर हा क्रमही पालटतो.

रुग्णाचा हुद्दा न पाहता त्याची गरज पाहावी, हे तत्त्व जुने आहे. फ्रान्समधील दोमिनिक लारे हा शल्यवैद्य १७९२ पासून युद्धभूमीवर काम करीत होता. त्या काळी लढाई संपेपर्यंत जखमी सैनिक रणांगणावरच पडून राहत. लारे याने वेगाने धावणाऱ्या हलक्या घोडागाड्या तयार करवून जखमींना लढाई चालू असतानाच उचलून आणण्याची व्यवस्था केली. ज्याची जखम सर्वांत गंभीर, त्याच्यावर आधी उपचार; मग तो सेनापती असो की साधा शिपाई, हा त्याचा दंडक होता. शत्रूच्या जखमी सैनिकांवरही तो उपचार करी.

तत्त्व जुने असले, तरी त्याचे स्वतंत्र शास्त्र व्हावयास फार काळ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील पुष्कळ रुग्णालयांत अपघात विभागाला स्वतःचे असे डॉक्टर नव्हते. इतर शाखांचे डॉक्टर तेथे आळीपाळीने येत, किंवा नुकतेच शिक्षण संपवलेल्या तरुणांवर काम सोपवले जाई. रुग्णाच्या नशिबी कोण येईल, याचा नेम नसे. १९६१ साली व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया या गावी डॉ. जेम्स मिल्स आणि त्यांचे तीन सहकारी यांनी आपला चालता व्यवसाय सोडला आणि तेथील रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात रात्रंदिवस काम करण्याची जबाबदारी पत्करली. १९६८ मध्ये अशा डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात या विषयाचे प्रशिक्षण सुरू झाले.

तरीही मान्यता सहजासहजी मिळाली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरचा विषय डोळे, हृदयाच्या डॉक्टरचा विषय हृदय; मग या डॉक्टरांचा विषय कोणता, अशी शंका घेतली जाई. या शाखेचा विषय शरीराचा एखादा अवयव नसून संकटात सापडलेल्या माणसाचा पहिला तास हा होय, हे पटवून द्यावे लागले. अखेर १९७९ साली तेथे ही वैद्यकाची तेविसावी शाखा म्हणून मान्य झाली. जे डॉक्टर आधीपासून हे काम करीत होते, त्यांनाही परीक्षेतून सूट मिळाली नाही. पाच वर्षे आणि ७,००० तास काम केल्याचा दाखला दिल्यावर त्यांना परीक्षेस बसता येई. पण परीक्षा ही द्यावीच लागे. अनुभव कितीही मोठा असला, तरी तो कसोटीवर घासून पाहिलाच पाहिजे, अशी त्यामागील भूमिका होती.

भारतात या शाखेला २००९ साली स्वतंत्र मान्यता मिळाली. आज ज्याला या विषयाचा तज्ज्ञ व्हावयाचे असेल, त्याला प्रथम साडेचार वर्षांचा एम.बी.बी.एस. अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष रुग्णालयातील उमेदवारी पुरी करावी लागते. मग प्रवेशपरीक्षा देऊन तीन वर्षांचे एम.डी. शिक्षण घ्यावे लागते. भूल देणे, अतिदक्षता, अस्थिरोग, बालरोग, प्रसूती अशा अनेक विभागांचे काम त्याला शिकावे लागते. कारण दारातून पुढचा रुग्ण कोण येईल, हे त्याला ठाऊक नसते. अशा रीतीने साडेआठ वर्षे खर्ची पडतात, तेव्हा कोठे पहिल्या दहा मिनिटांत काय करावे, हे त्याच्या हातांना कळू लागते. त्याची त्वरा ही घाई नसते. ती फार दिवसांची तयारी असते.

पदवी मिळाली, एवढ्याने भागत नाही. डॉक्टरला आपले नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत दाखल करावे लागते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र वैद्यक परिषद पाहते. नोंदणीवाचून कोणालाही डॉक्टर म्हणून उपचार करता येत नाहीत. डॉक्टरने औषधाच्या चिठ्ठीवर आपला नोंदणी क्रमांक द्यावा, असा नियम आहे. त्याच्या हातून गंभीर गैरवर्तन घडले, तर हे नाव नोंदवहीतून काढून टाकता येते. त्याच्यावर कर्तव्याचे बंधनही आहे. अपघातात सापडलेल्या माणसावर आधी उपचार करावेत, पोलिसांचे सोपस्कार मागाहून व्हावेत, आणि हे कर्तव्य सरकारी व खासगी अशा सर्वच डॉक्टरांचे आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये दिला.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. संकटात सापडलेल्या माणसाला डॉक्टरची पारख करता येत नाही. म्हणून ती पारख समाजाने त्याच्या वतीने आधीच करून ठेवलेली असते. परीक्षा, पदवी आणि नोंदणी म्हणजे भिंतीवर टांगावयाची शोभा नव्हे. अनोळखी माणसाला दिलेले ते वचन आहे.

हे वचन पुरे होण्यास इतरांचाही हातभार लागतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केला असता रुग्णवाहिका येते. अपघातातील माणसाला मदत करणाऱ्यास कायद्याचा जाच होऊ नये, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ साली करण्यात आली आहे. डॉक्टर रुग्णालयाच्या दारात सज्ज उभा असतो. पण रुग्णाला त्या दारापर्यंत वेळेवर पोहोचवणे, हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हाती असते.

स्वाध्याय

१. थोडक्यात उत्तरे द्या :
(अ) तातडीच्या डॉक्टरचा पहिला प्रश्न कोणता असतो?
(आ) लारे याने जखमी सैनिकांसाठी कोणती व्यवस्था केली?

२. कारणे सांगा :
(अ) डॉक्टर ओरडणाऱ्या गृहस्थाकडे प्रथम गेला नाही.
(आ) तातडीच्या डॉक्टरला अनेक विभागांचे काम शिकावे लागते.

३. 'त्याची त्वरा ही घाई नसते,' या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. वाक्यात उपयोग करा : सवड असणे, जबाबदारी पत्करणे, कसोटीवर घासून पाहणे, हातभार लागणे.

५. घरातील एखादी औषधाची चिठ्ठी पाहा आणि तिच्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक कोठे आहे, तो शोधा.